अब्बांना दाखवायचा फोटो

मालवणचा तो व्हिडिओ अब्बांनी एकदाच पाहिला. चार मिनिटांचा होता. पर्यटकांना पंधरा मिनिटं पाण्याखाली नेतात, मागून एकजण सिलिंडरला धरून असतो, दुसरा बिस्किटाचा चुरा टाकतो, त्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे तुटून पडतात आणि तिसरा ते सगळं ॲक्शन कॅमेऱ्यात टिपतो. वर आल्यावर पेनड्राइव्हवर भरून देतात. माझे विद्यार्थी, माझ्या जावा, शाळेतल्या सहकारी, सगळ्यांनी "माशाअल्लाह, मॅडम" म्हणून कौतुक केलं. अब्बांनी चष्मा पुसला, पूर्ण पाहिला आणि म्हणाले, "पाणी गढूळ आहे. सगळीकडे तूच दिसतेस. खडप कुठं आहे?"

अब्बा पस्तीस वर्षं समुद्रावर होते. आधी खलाशी, मग तांडेल. रत्नागिरीसमोरच्या पाण्यात कुठं वाळू आहे, कुठं चिखल, कुठं जाळं फाडणारं खडप, हे त्यांना आपल्या अंगणासारखं ठाऊक. पण ते सगळं हाताने ठाऊक. दोरीला शिसं बांधून सोडायचं, जाळ्यात काय अडकून येतं ते बघायचं, त्यावरून तळ ओळखायचा. डोळ्यांनी तळ त्यांनी कधीच पाहिला नाही. आमच्याकडच्या मच्छीमारांना बुडी मारून खाली बघण्याची हौस नसते. पाण्याखाली जाणं म्हणजे त्यांच्या हिशेबी एकच गोष्ट, आणि ती कुणाला नको असते.

आता अब्बा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे, गुडघे गेले आहेत. "खडप कुठं आहे" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल. मला तो लागला.

म्हणून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी डायव्हिंग शिकले. रीतसर, कोर्स करून, तेही दिवाळीच्या सुट्टीत. 'या वयात हे काय' असं म्हणणाऱ्यांची यादी मी इथं देत नाही. एक गोष्ट मात्र सांगते. वेटसूट हा गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख आहे, त्यावर त्याच कापडाची टोपी मिळते, ती केस, कान आणि मान झाकते. आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या दोन-तीन जणांना पोशाखाची काळजी पडली होती, त्यांना मी फोटो दाखवला. मग त्यांना माझ्या जिवाची काळजी पडली. ती खरी होती, म्हणून मी ती मनावर घेतली.

पहिल्याच दिवशी आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, "पहिल्या वीस-पंचवीस बुड्या कॅमेरा विसरा." मी वहीत लिहून घेतलं. शिक्षकांना वहीत लिहून घ्यायची सवय असते, ते पाळायची नसते.

कॅमेरा कोणता घ्यायचा, यावर मी जवळजवळ चार महिने घालवले. बीएडच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला नव्हता. सुरुवात अर्थातच मोबाइलच्या प्लास्टिक पिशवीपासून झाली. ती पिशवी बादलीत आणि फार तर तलावात ठीक आहे. खाली गेलं की पाण्याचा दाब पिशवी पडद्याला चिकटवतो आणि बोटाचा स्पर्श मोबाइलला कळेनासा होतो. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर जमिनीच्या दुप्पट, वीसवर तिप्पट. पिशवी त्यासाठी बनलेलीच नसते.

दुसरा पर्याय ॲक्शन कॅमेऱ्याचा. मालवणला सगळे तोच वापरतात. छोटा, दणकट, व्हिडिओ झकास. पण त्याची भिंग फार रुंद बघते. समोरचा मासा फोटोत चण्याएवढा होतो, आणि अगदी जवळ नेलं तर फोकस होत नाही. मला व्हिडिओ नको होता. अब्बांना थांबून, बोटांनी मोठं करून बघता येईल असा स्थिर फोटो हवा होता.

तिसरा रस्ता मोठ्या सेन्सरच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा. कॅननचा जी-सेव्हन-एक्स, सोनीची आरएक्स-हंड्रेड मालिका. एक इंच म्हणतात तो सेन्सर, अंधुक उजेडात फार चांगलं चित्र देतो. पण हे कॅमेरे स्वतः पाण्यात टिकत नाहीत. त्यांना वेगळी जलरोधक पेटी घ्यावी लागते, आणि त्या पेटीत थेंबभर पाणी शिरलं तरी आतला कॅमेरा गेला. माझ्यासारख्या नवशिकीने एवढी जोखीम कशाला घ्यावी?

शेवटी मी ऑलिंपसच्या टफ टीजी-६ वर येऊन थांबले. २०१९ साली आलेलं मॉडेल. आता त्याच्या पुढचं टीजी-७ ओएम सिस्टिम या नावाने मिळतं, पण कुळ तेच. सेन्सर लहान आहे, बारा मेगापिक्सेलचा, म्हणून फोटोशास्त्री लोक नाक मुरडतात. पण दोन गोष्टी माझ्या कामाच्या होत्या. पहिली ही की तो कुठल्याही पेटीशिवाय पंधरा मीटरपर्यंत पाणी सोसतो आणि त्याची पेटी पंचेचाळीस मीटरपर्यंत. म्हणजे पेटीत पाणी गेलंच तर कॅमेरा लगेच मरत नाही, वर यायला वेळ देतो. दुसरी, त्यात मायक्रोस्कोप नावाचा मोड आहे. भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तू तो स्पष्ट टिपतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या जीवाचे डोळे दिसतात.

पैशांचा विषय निघाला तेव्हा माझे मिस्टर शांतपणे म्हणाले, "तेवढ्यात बाथरूमच्या फरश्या होतील." चूक नव्हतं. कॅमेरा आणि पेटी मिळून माझ्या एका पगाराच्या वर गेलं, आणि त्यातली पेटी कॅमेऱ्याच्या जवळपास जाणाऱ्या किमतीची. धाकटा भाऊ जेद्दाला असतो. त्याने तिकडून आणला, आणि अर्धे पैसे घ्यायला नाही म्हणाला. "आपा, अब्बांसाठी आहे ना, मग झालं." फरश्या अजून जुन्याच आहेत.

पुढची गंमत कॅमेरा हातात आल्यावर कळली. पाण्याखाली फोटो काढणं आणि जमिनीवर काढणं या दोन वेगळ्या भाषा आहेत. लिपी एकच वाटते, व्याकरण निराळं.

सगळ्यात आधी लाल रंग जातो. पाणी प्रकाशातला लाल भाग शोषून घेतं. चार-पाच मीटरवरच लाल मंदावतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी उरतो तो निळा-हिरवा. माझ्या बोटाला एकदा कालवाच्या शिंपल्याने कापलं, रक्त आलं ते हिरवट-काळं दिसलं. मी घाबरले, वर आल्यावर पाहिलं तर आपलं नेहमीचंच लाल. डोळे खाली असताना हा बदल सावरून घेतात, मेंदू रंग भरून काढतो. कॅमेरा भरून काढत नाही. तो जे आहे तेच दाखवतो, म्हणून पहिले सगळे फोटो निळ्या शाईत बुडवल्यासारखे येतात. टीजी-६ मध्ये पाण्याखालचे वेगळे मोड आहेत, खोलीप्रमाणे रंगाचं संतुलन करणारे. त्याहून बरं म्हणजे खाली गेल्यावर पांढऱ्या पाटीचा फोटो काढून कॅमेऱ्याला 'हे पांढरं आहे' असं शिकवणं. मी शाळेतली छोटी प्लास्टिकची पाटी नेते. मात्र दर तीन-चार मीटरला पुन्हा शिकवावं लागतं, नापास होणाऱ्या मुलासारखं.

फ्लॅश लावला की लाल परत येतो. पण मालवणच्या पाण्यात फ्लॅश लावून पाहा! डिसेंबर-जानेवारीतसुद्धा तिथं चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही. पाण्यात गाळाचे, शेवाळ्याचे कण असतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी, त्याचा उजेड त्या कणांवर आपटून सरळ परत येतो. फोटोत मासा कमी, आणि बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके जास्त. याला उपाय दोनच. एक, बाहेरचा दिवा हाताएवढ्या दांड्यावर लावून तिरका उजेड पाडायचा. दुसरा, जो फुकट आहे तो: जवळ जा. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जेवढं कमी पाणी, तेवढा चांगला फोटो. झूम वापरू नका, कारण झूम मासा जवळ आणतो, पाणी बाजूला करत नाही. अगदी जवळ गेलात तर पेटीबरोबर येणारी पांढरी पट्टी फ्लॅशपुढे लावून आतलाच फ्लॅश चालतो. आणि वरून खाली फोटो काढू नका. माशाच्या उंचीला, शक्य तर त्याच्याही खाली जाऊन वरच्या दिशेने काढा. नाहीतर तपकिरी तळावर तपकिरी पाठ, काही कळत नाही.

आणखी एक. पाण्याखाली प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि जवळ दिसते. पाण्यातून काचेत, काचेतून हवेत येताना किरण वाकतात म्हणून. वाटीत नाणं ठेवून पाणी ओतायचा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केला आहे, तेच. या वाकण्याचा नियम बगदादच्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास भिंगांवरच्या आपल्या ग्रंथात मांडला होता, युरोपात स्नेलच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला त्याच्या सहा शतकांहून अधिक आधी. हे सांगताना मला अभिमान वाटतो. पण व्हॉट्सॲपवर जे फिरतं, की कॅमेरा हा शब्दच अरबी 'कमरा'वरून आला, ते मात्र माझ्या वर्गात मी खपवून घेत नाही. कॅमेरा लॅटिन आहे, अर्थ खोली. आपण उर्दूत, हिंदीत ज्याला कमरा म्हणतो तो पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर आणलेला त्याच लॅटिन शब्दाचा नातू. कॅमेरा आणि कमरा हे चुलतभाऊ आहेत, बाप-लेक नव्हेत. इब्न अल-हैसमचं मोठेपण खोट्या व्युत्पत्तीवर अवलंबून नाही.

बरं, परत पाण्याकडे.

पेटीचा सगळा भरवसा एका रबरी कड्यावर असतो. त्याला ओ-रिंग म्हणतात. बांगडीसारखं, शेवईएवढं जाड. त्याला सिलिकॉनचं ग्रीस नखाएवढं लावायचं, बोटांनी फिरवायचं, वाळूचा कण नाही ना ते बघायचं, मग पेटी बंद करायची. मी हे सगळं अगदी इमानाने करत होते. तरी मालवणच्या माझ्या सहाव्या बुडीला, सहा मीटरवर, पेटीच्या तळाशी पाणी हललेलं दिसलं. आधी वाटलं भास आहे. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेंब ओघळला. मी तोंड खाली करून पेटी धरली आणि खुणा करत वर आले. बोटीवर उघडून पाहिलं तर ओ-रिंगवर एक केस. माझाच, लांब. टोपी घालण्याआधी केस बांधताना पडला असावा. त्या एका केसाच्या जाडीएवढ्या फटीतून पाणी आलं होतं. कॅमेरा वाचला, कारण तो स्वतः जलरोधक. एक इंचवाला असता तर त्याच दिवशी त्याचा जनाजा होता.

तेव्हापासून मी पेटी रात्रीच बंद करते, घरी, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, जेवणाच्या टेबलावर पांढरा कपडा पसरून. पंखा बंद. त्यात सिलिकाची पुडी टाकते, नाहीतर आतल्या दमट हवेचं धुकं काचेवर बसतं. एसीच्या खोलीत बंद केली तर बरं, तिथली हवा कोरडी असते. सकाळी कॅमेरा न ठेवता रिकामी पेटी बादलीत बुडवून बघते. लोकांना वाटतं पेटी खोलवर फुटते. खोलवर उलट पाण्याचा दाबच झाकण आवळून धरतो. पाणी शिरतं ते बहुधा वरच, पहिल्या एक-दोन मीटरला, जेव्हा झाकण सैल असतं. परत आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास भिजत घालायची, बटणं त्यातच दाबत राहायचं. मीठ वाळलं की बटणं अडकतात. ही शिस्त अब्बांना फार आवडली. जाळं सुद्धा असंच धुवायचं असतं, म्हणाले.

मालवणमध्ये बारीकसारीक खूप मिळालं. शेवंडीची मिशी, खडकातल्या किड्यांची पंखासारखी तोंडं, अंगठ्याएवढी कवच नसलेली गोगलगाय, जांभळ्या काठाची. मायक्रोस्कोप मोडने सोनं केलं. पोवळ्यांचे तुकडे, जवळून पाहिले तर प्रत्येक खळग्यात एक इवलं फूल. वर्गात ते फोटो लावून मी विचारलं, याला उर्दूत काय म्हणाल? एका मुलाने "मूंगा" म्हटलं, दुसरीने "मरजान", तो शब्द तिला तिलावतीतून ठाऊक होता. मराठीत पोवळं, पुस्तकात प्रवाळ. चारही शब्द फळ्यावर लिहिले. पण मुलांना हे दगड जिवंत आहेत हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही दोन वर्षांपूर्वी नव्हतं.

अब्बांनी ते सगळे फोटो पाहिले. छान आहेत म्हणाले. मग म्हणाले, "किडे दाखवलेस. हेकरू दाखव. तो खडपाच्या बिळात बसतो कसा, ते बघायचंय. गळाला लागला की आत शिरून दोरी तोडतो. आम्ही वर बसून नुसत्या शिव्या घालायचो."

हेकरू, म्हणजे मालवणकडे ज्याला गोबरा म्हणतात तो. आणि इथं माझ्या निवडीची उणी बाजू उघडी पडली. बारीक जीवांसाठी माझा कॅमेरा उत्तम. पण बीळ, खडप आणि त्यात बसलेला मासा असं सगळं एका फोटोत घ्यायला मागे सरावं लागतं, मागे सरलं की मध्ये पाणी आलं, पाणी आलं की गढूळपणा आला. पेटीच्या सपाट काचेमुळे भिंगाची रुंदीही पाण्यात कमी होते. त्यावर वेगळी रुंद भिंग बसवता येते, पण तिची किंमत ऐकून मी मिस्टरांपुढे विषयही काढला नाही. उरला एकच उपाय, पाणीच स्वच्छ शोधायचं.

बीएडच्या वेळची माझी एक मैत्रीण भटकळला शिकवते. तिथून जवळच मुर्डेश्वर, आणि मुर्डेश्वरसमोर समुद्रात नेत्राणी बेट. रत्नागिरीहून कोकण रेल्वे थेट मुर्डेश्वरला सोडते. दोन दिवस तिच्या घरी राहिले. तिच्या सासरी नवायती बोलतात. जेवताना तिच्या सासूबाई मासळीबद्दल बोलू लागल्या आणि मला निम्मं दुभाषाशिवाय कळलं, आपल्या कोकणीशी एवढी जवळची बोली. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

नेत्राणीला बोटीने दीड-दोन तास लागतात. पाणी खरोखर निळं. बारा-पंधरा मीटर तरी समोरचं दिसत होतं. मालवणच्या मानाने मला चष्मा बदलल्यासारखं वाटलं. दुसऱ्या बुडीला चौदा मीटरवर एका कपारीखाली तो दिसला. तपकिरी अंगावर फिकट डाग, जाड ओठ, बिळात बसून चेहरा तेवढा बाहेर. तांडेलासारखा बसला होता, खरंच. मी पुढे सरकले, तो आत गेला. मी थांबले, तो बाहेर आला. फ्लॅश बंद, पांढरी पाटी दाखवून झाली होती, आता फक्त तो पूर्ण बाहेर यायची वाट. श्वास सोडला की बुडबुडे येतात आणि त्याने तो दचकतो, म्हणून मी श्वास थोडा धरून ठेवू लागले.

हे वाचणाऱ्यांत कुणी डायव्हर असेल तर इथं त्याने कपाळाला हात लावला असेल. श्वास कधीही धरायचा नाही, हा या विद्येचा पहिला धडा. धरलेल्या श्वासाने माणूस जरा जरी वर गेला तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकतं. मला हा धडा पाठ होता. परीक्षेत पूर्ण गुण होते.

माझ्या जोडीदार म्हणून नेमलेल्या बाई पुढे गेल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हवेच्या काट्याकडे पाहिलं नाही. प्रवाह जरासा ढकलत होता, तोल सावरायला मी डावा गुडघा कशावर तरी टेकवला. कट्, असा आवाज. पाण्यात आवाज स्पष्ट येतो. हेकरू बाहेर आला, मी पाच-सहा फोटो काढले. मग कुणीतरी खांदा धरला.

आमचे डायव्हमास्टर होते. त्यांनी माझा काटा माझ्याच डोळ्यांसमोर धरला. दोनशेवर सुरू केलेलं सिलिंडर चाळिसावर आलं होतं. पन्नास उरले की बोटीवर असायचं असतं. चौदा मीटरवर दाब वरच्या तुलनेत दोन पूर्णांक चार पट, म्हणजे हवाही तेवढ्याच पटीने संपते, हे गणित मला तिथं, त्या क्षणी आठवलं. त्यांनी स्वतःचा जादा नळ माझ्या तोंडात दिला, माझी उरलेली हवा शिल्लक ठेवली, दंड धरून हळूहळू वर आणलं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. ती तीन मिनिटं मी त्यांच्या सिलिंडरमधली हवा घेत लटकत होते आणि मला घरी राहिलेला धाकटा मुलगा आठवत होता, त्याच्या डब्याचं कुणी बघितलं असेल का, असं काहीतरी. कलमा वगैरे आठवला नाही. डबा आठवला.

बोटीवर ते ओरडले नाहीत. पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्याचा पडदा बघत होतात. काट्याला पण पडदा आहे." मग जरा वेळाने, "आणि गुडघा कुठं ठेवला होतात ते वर जाऊन फोटोत बघा."

मी संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी पाहिलं. हेकरूचा फोटो सुरेख आला होता. डोळा स्वच्छ, बिळाचा अंधार मागे, ओठांवरची रेघसुद्धा. आणि डाव्या कोपऱ्यात पोवळ्याची एक फांदी मोडलेली. मोडलेल्या जागी एकदम पांढरं. ती पांढरी जागा त्याची हाडं असतात, वरची जिवंत कातडी निघाली की दिसतात. फांद्यांची पोवळी वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, खडकासारखी गोल पोवळी तर जेमतेम एक. बोटभर लांबीची फांदी होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पोवळी आहेत, वाघ आहे त्याच अनुसूचीत. मुलांना मी हे सांगितलेलं होतं.

तो कोपरा कापून टाकायला एक मिनिट लागलं असतं. बोट दोनदा त्या बटणावर गेलं. मग तसाच ठेवला. अब्बांना कापलेला फोटो दाखवायचा, तर एवढं सगळं कशाला केलं होतं?

घरी आल्यावर, मगरिबनंतर, टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ते बराच वेळ बघत राहिले. बोटांनी मोठं केलं, लहान केलं. मी म्हटलं, "पाच किलोचा तरी असेल."

"दोनाच्या वर नाही."

मी वाद घालणार होते, मग हिशेब केला. लांबी एक तृतीयांशाने जास्त दिसते. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही तेवढीच वाढली तर वजन दुपटीहून जास्त वाटणार. दोनाचे पावणेपाच. त्यांनी फोटोतल्या डोळ्याच्या आकारावरून सांगितलं होतं.

"असा बसतो तर," ते म्हणाले. "शेपूट आत टेकवून. म्हणून ओढता येत नाही." आणि हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग बोट डाव्या कोपऱ्यावर गेलं. "हे पांढरं काय?"

"माझा गुडघा लागला. मोडलं."

हवेचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही. मिस्टरांना सांगितलं आहे, आणि हे वाचून आता बाकीच्यांनाही कळेल. घरात कुणी अब्बांना वाचून दाखवू नये, एवढी विनंती.

अब्बा गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या जाळ्यात यायची ही. टोपल्या भरभरून. खडपावरून जाळं गेलं की यायची, जाळं फाटायचं, आम्ही ती उपटून पाण्यात फेकायचो. दगड म्हणून. उन्हात ठेवली तर घाण वास सुटायचा, तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, दगडाला कसा वास येईल." ते परत फोटोकडे बघू लागले. "किती टोपल्या असतील."

मी काही बोलले नाही. अम्मीने चहा आणला.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपल्या खडपावर नेशील का हा कॅमेरा?" मी सांगितलं, आपल्याकडे पाणी गढूळ, काही दिसणार नाही, आणि तिथं नेणारंही कुणी नाही, मला आधी अजून बऱ्याच बुड्या कॅमेऱ्याशिवाय मारायच्या आहेत. त्यांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं.

"उधाणाला जाऊ नकोस. अमावास्या-पुनवेला पाणी ढवळतं. भांगाला जा. चांदाची सात-आठ, नाहीतर बावीस-तेवीस. ओढ कमी असते, गाळ खाली बसतो. फेब्रुवारीत बघ, वारा पडलेला असतो." बोट एकेका चौकोनावरून सरकवत ते मोजत होते. मग माझं लाल पेन मागितलं, ज्याने मी वह्या तपासते, आणि फेब्रुवारीतल्या दोन तारखांना गोल केला.